बाळू पालवणकर : चेंडू चालला, पण चहाचा कप वेगळाच राहिला



थोरांची ओळख करून देणाऱ्या पाठांमध्ये आज आपण एका क्रिकेटपटूचा पाठ घेणार आहोत. आपल्या मुलांना सचिन, धोनी, रोहित, विराट ही नावे पाठ आहेत. कोणाची किती शतके झाली, हे ती झोपेतही सांगतील. पण भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज कोण, असे विचारले तर मुलेच काय, आपणही गप्प बसतो. त्यांचे नाव बाळू पालवणकर. जुन्या नोंदींमध्ये ते पी. बाळू म्हणून सापडतात.

हा पाठ लिहिण्यामागे एक कारण आहे. मागच्या वर्षी मी परिपाठात बाळूंची गोष्ट सांगितली होती. आपण नेहमी सांगतो तशीच. गरीब घरातला मुलगा, मैदान झाडायचा, कष्ट केले आणि मोठा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग चौथीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले की, ते सगळ्यात भारी होते तर कॅप्टन कधी झाले? मला उत्तर देता आले नाही. वेळ संपली असे म्हणून मी पुढचा कार्यक्रम घेतला. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. मग नीट वाचले आणि लक्षात आले की त्या मुलाने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. आजचा पाठ म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर समजा.

जन्म आणि बालपण

क्रिकेटच्या नोंदींनुसार बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. धारवाड आज कर्नाटकात आहे, तेव्हा ते मुंबई इलाख्यात होते. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. त्या काळात या समाजाला अस्पृश्य मानले जात होते. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे कुटुंब पुण्याला आले आणि मुलांचे बालपण लष्करी वस्तीच्या आसपास गेले.

इथे मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. क्रिकेट हा खेळ इंग्रजांबरोबर आला. जिथे छावणी, तिथे साहेब आणि जिथे साहेब, तिथे क्रिकेट. आपल्या हिंगोलीतही निजामाच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती, हे मुलांना सांगितले की छावणी म्हणजे काय ते लगेच कळते. पुण्यात तर मोठीच छावणी होती. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. ना कोच, ना किट, ना अकॅडमी.

घरची परिस्थिती बेताची होती. बाळूंना शाळा फार शिकता आली नाही. लहान वयातच कामाला लागावे लागले.

तीन रुपये महिना

पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम काय? मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सरावासाठी चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात लागले. हा युरोपियन साहेबांचा क्लब. इथे पगार झाला चार रुपये. रोलर फिरवणे, पट्टीवर चुन्याच्या रेघा मारणे, नेट बांधणे, टेनिसचे मैदान सांभाळणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातल्या साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. बाळू टाकू लागले. डाव्या हाताने, हळू, हवेत उंची देऊन टाकलेला चेंडू. टप्पा पडला की कधी आत यायचा, कधी बाहेर जायचा, कधी सरळच. फलंदाजाला कळायचेच नाही. रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षे त्यांनी नेटमध्ये गोलंदाजी केली. आज आपण ज्याला सराव म्हणतो, तो त्यांच्यासाठी नोकरीचा भाग होता.

यातली एक बाजू मुलांना आवर्जून सांगा. हजारो चेंडू टाकणाऱ्या बाळूंना त्या नेटमध्ये बॅट धरू दिली जात नव्हती. बॅटिंग साहेबांनी करायची आणि बॉलिंग नोकराने.

आठ आण्यांची विकेट

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामवंत इंग्रज फलंदाज होता. तो सरावासाठी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना चेंडू टाकायला लावायचा. मला बाद केलेस की आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगून ठेवले होते, अशी गोष्ट सांगितली जाते.

ही गोष्ट गणिताच्या तासालाही चालते. एक रुपया म्हणजे सोळा आणे. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. बाळूंचा पगार चार रुपये. मग ग्रेगसाहेबांना महिन्यात किती वेळा बाद केले म्हणजे एका पगाराइतके पैसे मिळतील? उत्तर आठ वेळा. माझ्या वर्गात हे उदाहरण मुलांनी एका दमात सोडवले आणि नंतर किती तरी वेळ बाळूंनी किती आणे कमावले असतील याचीच चर्चा चालली होती.

मातीचा कप

पुण्यात हिंदू क्रिकेटपटूंचाही एक क्लब होता. त्यांना साहेबांच्या क्लबाला हरवायचे होते. आता साहेबांना रोज नेटमध्ये बाद करणारा गोलंदाज त्याच शहरात होता. त्याला संघात घ्यायला हवे, हे सरळ दिसत होते. पण तो अस्पृश्य समाजातला होता. त्यामुळे घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. काही जण बाजूने, काही विरोधात. शेवटी जिंकायची इच्छा जास्त ठरली आणि बाळूंना संघात घेतले.

पण कसे घेतले, ते बघा. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत होते. बाळूंनी टाकलेला चेंडू क्षेत्ररक्षक उचलायचा, यष्टिरक्षक पकडायचा आणि परत बाळूंच्या हातात यायचा. तिथे विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. प्यायचा आणि भांडे फेकून द्यायचे. तोंड-हात धुवायला पाणी लागले तर ते त्यांच्याच समाजातला नोकर आणून ओतायचा. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना हे समजवायला लांब जावे लागत नाही. नर्सी हे संत नामदेवांचे गाव आणि औंढा नागनाथाचे देऊळ आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, मागे जा म्हणून सांगितले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच फिरले, ही कथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. औंढ्याला नंदी देवळाच्या मागे का, असे विचारले की मुले लगेच ही कथा सांगतात. बाळूही असेच पॅव्हेलियनच्या बाहेर उभे राहिले. पण पॅव्हेलियन काही फिरले नाही. ते फिरायला पुढची कित्येक वर्षे लागली आणि माणसांनीच ते जोर लावून फिरवले.

खेळात मात्र बाळूंचे नाव वाढत गेले. साताऱ्याला युरोपियन जिमखान्याविरुद्ध सामना होता. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथली खेळपट्टी मुद्दाम तयार करून ठेवली होती. तरी बाळूंनी सात बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला आणि ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचे लोकांना बजावले. लोकमान्य टिळकांनीही पुण्यात त्यांचे कौतुक केले. त्या काळात हे लहान नव्हते.

मुंबई आणि १९०६ चा विजय

१८९६-९७ मध्ये पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ आली. पुढे बाळू मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात खेळू लागले. इथेही आधी कुरकुर झालीच. पण हळूहळू मुंबईच्या खेळाडूंबरोबर पंगतीला बसण्याइतका बदल झाला. पोटापाण्यासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी केली आणि तिथल्या संघाकडूनही ते खेळले.

तेव्हा भारताचा एक संघ असा नव्हता. संघ धर्मावर पडलेले होते. एका बाजूला युरोपियन, एका बाजूला पारशी. पुढे १९०७ पासून त्यात हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी स्पर्धा झाली. आजच्या मुलांना हे विचित्र वाटते. पण मुंबईत हे सामने बघायला हजारो लोक यायचे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाशी सामना खेळला. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. म्हणजे हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. ही बेरीज-वजाबाकी मुलांकडून फळ्यावर करून घ्या. या विजयात बाळूंच्या फिरकीचा वाटा मोठा होता. भाऊ शिवरामही त्याच संघात होता.

हा विजय कधी मिळाला, तेही बघा. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती आणि स्वदेशीची चळवळ पेटली होती. जपानने रशियाला हरवल्याची बातमी ताजी होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आणि ते घडवण्यात पुढे होता तो कोण? ज्याला पुण्यात पॅव्हेलियनच्या बाहेर चहा मिळत होता, तो.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये भारतातल्या सगळ्या समाजांतले खेळाडू निवडून एक संघ पहिल्यांदाच इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ संघात होते. बाळूंचे वय तेव्हा ३५.

महाराज सुरुवातीचे मोजके सामने खेळले आणि नंतर आपल्या इतर कार्यक्रमांत गुंतले. संघ जास्त सामने हरला. थंडी, ओलसर खेळपट्ट्या, अनोळखी मैदाने, सगळेच नवे. पण बाळूंनी सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. त्यातले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लिसेस्टरशायर या काउंटी संघाला भारताने हरवले, त्या सामन्यात बाळूंचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्धचा सामना भारताने जिंकला तो शिवरामच्या नाबाद शतकामुळे. महाराजांच्या नावाने गेलेल्या संघाची लाज चांभाराच्या दोन मुलांनी राखली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा एक विद्यार्थीही सहभागी होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस जगात नाव काढतो, हे त्या पिढीने पहिल्यांदा पाहिले ते बाळूंच्या रूपाने.

कर्णधार का झाले नाहीत?

आता त्या चौथीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

१९११ नंतर बाळू हे देशातले सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात यशस्वी गोलंदाज होते. हिंदू संघाचा कर्णधार निवडायची वेळ दरवर्षी यायची. बाळूंचे नाव निघायचे आणि मागे पडायचे. दरवर्षी दुसरा कोणीतरी कर्णधार व्हायचा. कारण उघडपणे कोणी बोलत नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. गोलंदाज म्हणून अस्पृश्य चालत होता. पण कर्णधार म्हटले की तो हुकूम देणार, उच्च जातीच्या खेळाडूंनी तो ऐकायचा. कर्णधार संघाच्या वतीने बोलणार, बक्षीस घेणार, साहेबांशी हात मिळवणार. ते मानायची तयारी नव्हती.

म. दा. पै हे त्या काळचे हिंदू संघाचे कर्णधार. मनाने सरळ माणूस. त्यांनी एका समारंभात हा मान खरे तर आपल्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने कबूल केले. कबूल केले, पण बदल झाला नाही. अशी आठ-नऊ वर्षे गेली. बाळू खेळत राहिले, बळी घेत राहिले.

इथे आपल्यातल्या अनेकांची गोष्ट थांबते. कष्ट करा, फळ मिळेल, असे आपण मुलांना सांगतो. बाळूंनी कष्टात काय कमी ठेवली होती? फळ त्यांच्या समोर होते आणि ते देणारे हात मागे घेतले जात होते. मुलांपासून हे लपवले तर आपण अर्धी गोष्ट सांगतो.

भावांचा नकार

१९२० ची चौरंगी स्पर्धा आली. पै आजारी होते. पहिल्या सामन्यासाठी कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधर पुढे मोठे खेळाडू म्हणून गाजले, पण तेव्हा अनुभवाने पालवणकर भाऊ त्यांच्यापुढे होते. शिवाय बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. बाळूंचे वय तेव्हा ४४ होते. वय झाले म्हणून वगळले, असे कोणी म्हणू शकेल. पण शिवराम होते, विठ्ठल होते. विठ्ठल हा बाळूंचा आणखी एक धाकटा भाऊ, तेव्हाचा पहिल्या रांगेतला फलंदाज. त्यांचाही कर्णधारपदासाठी विचार झाला नाही.

मग एक गोष्ट घडली, जी तोपर्यंत घडली नव्हती. शिवराम आणि विठ्ठल यांनी आम्ही खेळणार नाही, असे कळवले. नुसते घरी बसले नाहीत, तर आपण का खेळत नाही हे जाहीर निवेदन देऊन सांगितले. जातीमुळे आमचा अपमान होतो आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. काळ बघा, त्याच डिसेंबर महिन्यात काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यता दूर करण्याचा ठराव होत होता. एकीकडे ठराव आणि दुसरीकडे हा संघ. लोक बोलू लागले.

पुढच्या सामन्याला पै बरे होऊन आले. पालवणकर भाऊ संघात परतले. बाळूंना उपकर्णधार केले गेले. आणि सामना चालू असताना पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले. कर्णधार बाहेर गेला की सूत्रे उपकर्णधाराकडे येतात. तेवढा वेळ बाळू पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार होते.

म्हणजे त्या मुलाला उत्तर काय द्यायचे? बाळू कर्णधार झाले, पण थोड्या वेळासाठी, वयाच्या ४४ व्या वर्षी आणि तेही एका मित्राने जागा करून दिली म्हणून. बाळूंचे मोठे क्रिकेट त्या मोसमाबरोबरच संपले.

विठ्ठल कर्णधार झाला

पण गोष्ट इथे संपत नाही. १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांच्याकडे आले. हिंदू संघ त्या वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकला. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून मिरवले. ज्या घरातल्या मोठ्या भावाला कपाला हात लावू दिला नव्हता, त्याच घरातल्या धाकट्याला खांद्यावर घेणाऱ्यांत सगळ्या जातींचे लोक होते. पुढेही काही वर्षे विठ्ठल कर्णधार राहिले. त्यांनी नंतर आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. गणपत नावाचा चौथा भाऊही चांगला खेळाडू होता, पण तो तरुणपणीच वारला.

बाळूंनी जे बीज पेरले त्याचे पीक विठ्ठलच्या हातात आले, हे खरे. पण मधे तो नकार होता, हे विसरायचे नाही. दोन भाऊ खेळायचे नाही म्हणून ठाम राहिले नसते, तर विठ्ठलच्या वेळीही तेच झाले असते.

राजकारणातले बाळू

निवृत्तीनंतर बाळू समाजकारणात आणि राजकारणात आले. इथे गोष्ट अवघड होते आणि ती अवघडच सांगावी. बाळू गांधीजींच्या बाजूचे होते. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघावरून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. डॉ. आंबेडकरांचीही सही त्यावर आहे, पण त्या दोघांचे मार्ग वेगळे होते.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. आंबेडकर जिंकले. ज्या विद्यार्थ्याने २६ वर्षांपूर्वी बाळूंच्या सत्कारात भाग घेतला होता, त्यानेच त्यांना हरवले.

यात कोण बरोबर, कोण चूक, हे प्राथमिकच्या मुलांना ठरवायला लावू नये. एकच अन्याय सोसलेली दोन मोठी माणसे त्यावरचा उपाय वेगवेगळा शोधू शकतात, एवढे समजले तरी पुष्कळ. वरच्या वर्गांना मात्र यावर चर्चा जरूर घ्या.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. त्यांनी पाहिलेल्या काळात अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरली होती. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने ती नष्ट केली होती.

आकडे काय सांगतात?

बाळू प्रथम श्रेणीचे फक्त ३३ सामने खेळले. त्यात १७९ बळी घेतले. सरासरी १५.२१, म्हणजे एका बळीमागे साधारण १५ धावा दिल्या. क्रिकेट समजणाऱ्या पालकांना ही सरासरी किती उत्तम आहे हे सांगायला नको. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळली. रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत बाळूंचा खेळ संपलेला होता. म्हणून कसोटीच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि म्हणून आपल्यालाही ते माहीत नाही.

वर्गात हा पाठ घेताना

शिक्षक मित्रांनो, बाळूंची गोष्ट सांगून झाल्यावर मी स्वतःच्या वर्गाकडे पाहिले. आमच्याकडे मैदानावर फक्की मारणारी, स्टंप उचलून आणणारी, चेंडू शोधायला काट्यात शिरणारी दोन-तीन मुले ठरलेली होती. आणि कॅप्टनही ठरलेले होते. वर्गनायकही तोच. हे मी ठरवले नव्हते, पण मी थांबवलेही नव्हते. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसते आणि कोण नेहमी टोकाला बसते, हेही मी पहिल्यांदा नीट पाहिले. आज कोणी वेगळा कप देत नाही. पण टोक आहे, आणि त्या टोकाला बसणारी मुले तीच आहेत.

मग आम्ही एक साधा नियम केला. खेळाच्या तासाला कॅप्टन दर आठवड्याला बदलेल आणि मैदान तयार करायचे काम त्या आठवड्याच्या कॅप्टनपासून सुरू होईल. जो रोलर फिरवेल तोच नाणेफेकीला जाईल. पंगतीतही जागा आठवड्याला बदलते. सुरुवातीला दोन मुले रुसली. आता सवय झाली आहे. काट्यातून चेंडू आणणाऱ्या एका मुलीला कॅप्टन केले तेव्हा तिने आधी मागे वळून बघितले, दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाहीत ना! नंतर तिने क्षेत्ररक्षण असे लावले की मीच बघत राहिलो.

पालकांनाही एक विनंती. घरी ही गोष्ट सांगताना कष्टाची बाजू जरूर सांगा, पण पै यांची आणि त्या दोन भावांचीही सांगा. आपले मूल बाळूंसारखे गुणी निघेलच असे नाही. पण दुसऱ्या कोणाची जागा अडवली जात असेल, तेव्हा बाजूला होऊन ती मोकळी करणारे मूल मात्र प्रत्येक घरात घडू शकते.

मुलांना विचारण्यासाठी काही प्रश्न

१. बाळूंचे पालवणकर हे आडनाव कशावरून पडले?
२. पूना क्लबात बाळू कोणकोणती कामे करत होते?
३. कॅप्टन ग्रेग यांना एका महिन्यात पाच वेळा बाद केले, तर पगार धरून बाळूंना एकूण किती रुपये मिळतील?
४. मैदानावर एकच चेंडू चालत होता, पण चहाचा कप वेगळा होता. यात तुम्हाला काय खटकते?
५. १९०६ च्या सामन्यातल्या दोन्ही संघांच्या धावांची बेरीज करून विजयाचा फरक काढा.
६. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
७. पै मैदानाबाहेर का गेले?
८. तुमच्या वर्गात असे कोणते काम आहे, जे नेहमी ठरावीक मुलेच करतात? ते कसे वाटून घेता येईल?

उपक्रम : कागदावर १८७६ ते १९५५ अशी काळरेषा काढा. तिच्यावर एका बाजूला बाळूंच्या आयुष्यातल्या घटना आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या घटना लिहा. वर्गाच्या भिंतीवर लावा.

सहावा आणि आठवा प्रश्न घाईने उरकू नका. माझ्या वर्गात आठव्या प्रश्नाला एक तास कमी पडला. आणि हो, पहिल्यांदा हात वर करणाऱ्या त्या मुलाला मी सगळ्यांसमोर उत्तर दिले. तो आता पाचवीत आहे. ऐकून झाल्यावर त्याने पुन्हा हात वर केला आणि विचारले की, मग पैंच्या जागी तेव्हा बाळूंना पूर्ण मॅच कॅप्टन का नाही केले? या वेळी मी वेळ संपली असे म्हटले नाही. आम्ही अजून त्यावर बोलतो आहोत.